तुम्ही विचारलंत म्हणून : पद्मिनीचे वायपर मी का बदलले

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या टॅक्सी कायमच्या गेल्या. तेव्हापासून माझ्या खासगी पद्मिनीकडे लोक फारच हळवेपणाने पाहतात, आणि तिचे वायपर दोन वेगांनी फिरताना दिसले की हमखास विचारतात : एवढी जपलेली गाडी, मग तिचा अस्सलपणा का घालवलात?

नुसती पाती बदलून भागले नसते. नवे रबर मी दर पावसाळ्याआधी घालतच होतो. मूळ मोटर एकाच वेगाची, दांड्या ज्यांत फिरतात ते बुश (कड्या) झिजलेले, आणि डॅशबोर्डच्या बटणातून फिरून येणाऱ्या जुन्या बारीक वायरीत 12 व्होल्टपैकी बरेच वाटेतच खर्ची पडत. हेडलाइट लावले की पाती रेंगाळू लागत.

मोटर बदलण्याआधीच्या एका जुलैत ताम्हिणी घाटात तिन्हीसांजेला हेच झाले. आई शेजारी बसली होती. वळणावर समोरून एसटी आली, तिच्या दिव्यांनी काचेवरचे पाणी पांढरेफटक झाले आणि त्याच क्षणी पाती काचेच्या मध्यावर येऊन थांबली. मला रस्ता दिसत नव्हता, एसटी दिसत नव्हती, दरी कुठे सुरू होते तेही कळत नव्हते. आईने खिडकी खाली केली, भर पावसात डोके बाहेर काढले आणि रस्त्याच्या कडेचा पट्टा पाहत ती सांगत राहिली, “अजून हातभर जागा आहे… आता थांब.” पुढे एका ट्रकवाल्याने आपल्या पुडीतली तंबाखू ओली करून काचेवर चोळून दिली, पाण्याचे थेंब धरेनात, पातळ पसरू लागले आणि तेवढ्यावर आम्ही रांगत घाट उतरलो. त्यानंतर आई पावसाळ्यात या गाडीत बसली नाही, मोटर बदलल्यावरही नाही.

आता दोन वेगांची मोटर आहे. जास्त वेगासाठी तिच्यात तिसरा ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा कार्बनचा तुकडा, असतो. तिला वीज रिलेमधून (बटणाच्या थोड्या विजेवर चालणाऱ्या स्विचमधून), जाड वायरीने थेट बॅटरीकडून मिळते. बुश नवे आहेत आणि पाती काचेवर नीट दाबून बसावीत म्हणून आर्मच्या स्प्रिंगाही बदलल्या आहेत. पत्र्याला एकही नवे भोक पाडलेले नाही. ब्रॅकेट जुन्याच बोल्टांवर बसतो, हे टीका करणाऱ्यांनी कृपया एकदा वाकून पाहावे.

तरीही, कारखान्यातून आलेला एक स्क्रूसुद्धा बदलू नये असे इतरांना बजावणारा पूर्वीचा मी अधूनमधून माझ्याशी भांडतो. आज मोटर, उद्या सीट, परवा इंजिन, मग पद्मिनी उरली कुठे, असे तो विचारतो, आणि हा प्रश्न मला खोडता येत नाही. पाऊस मात्र गाडी जुनी आहे म्हणून बेताने पडत नाही, एवढे मी त्याला सांगतो. ते त्याला पटत नाही. मूळ मोटर ग्रीस लावून कपाटात ठेवली आहे. प्रदर्शनापुरती ती पुन्हा बसवावी की नाही, यावर आम्हा दोघांचे अजून एकमत झालेले नाही.