जाळ्यावरून कूळ ठरत नाही

आज बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, ओल्या पायवाटेच्या वर ताणलेल्या सोनेरी जाळ्यात 'नेफिला पिलिपेस' या कोळ्याची मादी दिसली. तिच्या काळ्या पोटावर पिवळ्या रेघा होत्या आणि जाळ्याच्या वरच्या कडेला जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा नर बसला होता. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1793 साली वर्णन केलेल्या या जातीचे कूळ कोणते, यावर तज्ज्ञांमध्ये चांगलाच वाद झाला आहे. स्लोव्हेनियाचे कोळीतज्ज्ञ मात्याझ कुंटनर यांनी 2006 मध्ये नेफिला आणि तिच्या भाऊबंदांना स्वतंत्र कुळाचा दर्जा दिला, 2017 मध्ये जनुकीय अभ्यासाच्या आधारे इतर संशोधकांनी त्यांना पुन्हा अरेनिडी या गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळात घातले, आणि कुंटनर यांनी त्यालाही हरकत घेतली. मला हा वाद मुळीच कंटाळवाणा वाटत नाही.

कारण नुसते गोल जाळे पाहून नाते ठरवता येत नाही. युलोबोरिडी कुळातले कोळीही तसेच जाळे विणतात. पण त्यांच्या धाग्यावर चिकट थेंब नसतात, अतिसूक्ष्म तंतूंचा कोरडा, पिंजलेला धागाच भक्ष्याला अडकवतो आणि (हे मला फार नवलाचे वाटते) त्यांना विषग्रंथीच नसतात. म्हणूनच जात निश्चित करताना अभ्यासक मादीच्या जननेंद्रियाची आणि नराच्या स्पर्शपादांची (तोंडाजवळच्या छोट्या अवयवांची) रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

त्यामुळे फोटो पाठवून नाव विचारणाऱ्या मित्रांना एवढेच सांगतो, की नेफिलाची मोठी मादी फोटोवरून सहज ओळखता येते, पण बाल्कनीतल्या बारीक तपकिरी कोळ्यांचे नाव मी तसे सांगणार नाही.