साहेब शेडबाहेर गेल्यावर

आमच्या प्रेस शॉपला, म्हणजे मशीनवर पत्रा दाबून-कापून पार्ट काढायच्या शेडला, रात्री सुपरवायझर नसतो. परवडत नाही, असं मालक म्हणतात. रात्री अकरा ते सकाळी सात, नऊ पॉवर प्रेस, बारा माणसं आणि एक सेटर, म्हणजे मशीनला साचा बसवणारा. त्यामुळे सकाळी भोसरीत पोचलो की चहाच्या आधी मी लाल पेटी बघतो. रिजेक्शनची. ती काठोकाठ असली की समजायचं, आज दिवसभर शिव्या खायच्या.

चार वर्षांपूर्वी ती रोजच काठोकाठ असायची. दिवसपाळीत मात्र तळाशी दहा-वीस तुकडे. डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, तेच, पत्रा तोच, आठवड्याला पाळी बदलते त्यामुळे माणसंही तीच. फरक एकच, दिवसा मी असायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मालकांनी विषय काढला की मी मान हलवून म्हणायचो, 'काय करणार, डोक्यावर उभं राहिल्याशिवाय हे लोक काम करत नाहीत.'

याला पुस्तकात नाव आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. डग्लस मॅक्ग्रेगरने १९६० साली मांडलेली 'थिअरी एक्स'. माणूस मुळातच कामचुकार, त्याला धाक हवाच. मी ती न वाचताच पाळत होतो.

त्याच सुमारास रविवारच्या बॅचला मॅनेजमेंटचा डिप्लोमा करत होतो. प्रमोशनसाठी, ज्ञानाबिनासाठी नाही. लीडरशिपचा धडा म्हणजे हमखास दहा मार्क, चौकोन काढा आणि चार शब्द भरा. त्यात कुर्ट लेविनचा प्रयोग सरांनी पाच मिनिटांत उरकला. मी मात्र तो बसमध्ये वाचताना अडकलो.

लेविन हा जर्मनीतला ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याने अमेरिका गाठली. तिथे आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासोबत त्याने दहा-दहा वर्षांच्या पोरांचे, पाच-पाच जणांचे क्लब केले आणि शाळा सुटल्यावर त्यांना हस्तकलेचे उद्योग दिले. एक म्होरक्या नुसता हुकूम सोडणारा, एक पोरांशी बोलून ठरवणारा. तिसरा प्रकार ठरवून केलेला नव्हताच. व्हाइट लोकशाहीने वागायला गेला आणि त्याने पोरांना पार वाऱ्यावर सोडलं. लेविनने ते पाहिलं आणि म्हटलं, हे काहीतरी तिसरंच आहे. पुस्तकात जी 'लेसे फेअर' स्टाइल आपण घोकतो, ती अशी एकाच्या फजितीतून निघाली. १९३९ मध्ये त्यांचा निबंध छापून आला.

मला अडकवलं ते पुढच्या आकड्यांनी. म्होरक्या अधूनमधून मुद्दाम खोलीबाहेर जायचा. हुकमापुढे मुकाट मान तुकवणाऱ्या गटात तो समोर असताना ७४ टक्के वेळ पोरं कामात गुंतलेली, तो बाहेर गेला की २९. बोलून ठरवणाऱ्या गटात तो असताना ५०, बाहेर गेल्यावर ४६.

७४ म्हणजे माझी दिवसपाळी. २९ म्हणजे लाल पेटी.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी सुरू होईपर्यंत थांबलो आणि काकांना चहाला नेलं. आमच्या दोन सेटरांपैकी हे मोठे, माझ्याहून पंधरा वर्षांनी. कापलेल्या पत्र्याच्या कडेला खरबरीत कोर राहते, तिला आम्ही बर म्हणतो. विचारलं, 'काका, रात्री बर आलेला दिसतो, तरी प्रेस बंद का करत नाही?'

'बंद कर म्हणून कोणी सांगितलंय?'

नंतर हळूहळू एकेक निघत गेलं. काका डाय बसवताना पॉवर बंद ठेवून पंच (वरून येऊन पत्रा कापणारा भाग) आणि डायच्या मधे वर्तमानपत्राची पट्टी घालायचे आणि प्रेसचं जड चाक, फ्लायव्हील, हाताने फिरवून पंच धरणारा रॅम खाली आणायचे. कागद चारही बाजूंनी एकसारखा तुटला की डाय बरोबर बसली. एका बाजूला नुसता दुमडला तर तिकडे क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, जास्त, म्हणजे पुढे बर येणार. या प्रकाराला वीस मिनिटं जातात. डिस्पॅचच्या घाईत एकदा मीच ओरडलो होतो, 'कागद-बिगद नको, लावा आणि चालवा.' काकांनी ते शब्दशः पाळलं, रोज, दोन्ही पाळ्यांत. दिवसा बर दिसला की मी प्रेस थांबवून परत सेटिंग करून घ्यायचो. रात्री थांबवण्याचा हक्कच कोणाला नव्हता. म्हणजे आजार मी दिला होता आणि दिवसा त्यावर औषध देऊन शाबासकीही मीच घेत होतो.

मग मी नवा मुसलमान झालो, रोज बांग देऊ लागलो. सगळ्यांनाच विचारायचं! वीस दिवसांपूर्वी लागलेल्या पोराला विचारलं, 'इथे शिम, ती पातळ पट्टी, घालावी का, तुझं काय मत?' तो बिचारा घामाघूम. 'तुम्ही म्हणाल तसं, साहेब.' धड्यातल्या त्या चौकोनवाल्या हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेलं नेमकं हेच. नवख्याला सांगायचं, जाणत्यावर सोपवायचं. संशोधकांनी तपासलं तेव्हा त्याला फारसा भक्कम आधार मिळाला नाही, पण मला तो चौकोन उपयोगी पडला. कारण मी उलटं करत होतो. काकांना शिकवत होतो आणि पोराचं मत घेत होतो. आणि हो, दोन्ही हातांची बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालवायची नाही, यावर मी कोणाचंही मत घेत नाही. तिथे मी हुकूमशहाच.

आमच्याकडे एक निवृत्त फौजी ऑपरेटर आहेत. माझं बदललेलं वागणं पाहून ते एकदा वैतागले, 'साहेब, विचारत काय बसता, ऑर्डर द्या.' मला हसू आलं. आयोवातल्या वीस पोरांपैकी एकोणीस जणांना लोकशाहीवाला म्होरक्या जास्त आवडला होता. विसावा लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता.

कागदाची पट्टी परत आली. बर दिसला तर सेटरने प्रेस थांबवायची, फळ्यावर वेळ आणि कारण लिहायचं, एवढं ठरलं. लाल पेटी बरीच उतरली.

गेल्या महिन्यात सकाळी आलो तर चार नंबर बंद. फळ्यावर खडूने '२:४० पंच तुटला' आणि खाली काकांची सही. माल अर्धाच, बाहेर टेम्पो उभा. मी आधी फळा वाचला की आधी ओरडलो, हे विचारू नका.

काका हात पुसत आले. मी म्हटलं, 'अहो, फोन तरी करायचा.'

'ठरलंय त्यात फोन नव्हता, साहेब.'

तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी कसेबसे दोन क्रेट भरून त्याला वाटेला लावलं, आणि फळ्याच्या खाली खडूने लिहिलं, 'पंच तुटला तर फोन.' काकांनी ते वाचलं आणि विचारलं, 'कितीही वाजता?'