दिसतं, पण बोलत नाही
आज धरमपेठेत एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला माझ्या नोट्स दिल्या. त्याने लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं, थोडं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, हे तर काहीच बोलून नाही राहिलं." बोलणार कसं? पीडीएफची सगळी पानं स्कॅन केलेली, म्हणजे नुसते फोटो. दुसरी फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली. मला स्वच्छ मराठी दिसत होती, त्याच्या कानात मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. त्या फॉन्टच्या आत तीच साठवलेली असतात. फार वाईट वाटलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि मी आज जागा होतोय.

संध्याकाळी एक प्रकरण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आणलं, मथळ्यांना हेडिंग स्टाइल दिली, आकृतीचं वर्णन लिहिलं. मग तो कीबोर्डवरचं 'एच' दाबत मथळ्यामागून मथळा ऐकत गेला. उरलेली अकरा प्रकरणं उद्यापासून.