कानातले बोळे आणि जनरल स्लिम

आमचे बाबा सोलापूरच्या गिरणीत मागावर होते. पन्नाशीच्या आत त्यांचा उजवा कान गेला. पुढे डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं. हे घरात बघूनही मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ११ वर्षं उघड्या कानांनी सुपरवायझरकी केली.

गेल्या वर्षी इअर प्लग आणले. नोटीस लावली, वाटप केलं, सह्या घेतल्या. आठवड्यात बोळे खिशात गेले. एक जुने विणकर मामा म्हणाले, "साहेब, धागा तुटला की आधी कानाला कळतं. कान बुजवून माग कसा चालवू?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच दिवसांत दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी जनरल विल्यम स्लिम यांच्याविषयी वाचत होतो. १९४३ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवरची चौदावी आर्मी त्यांच्याकडे आली. त्या वर्षी एका जखमी जवानामागे १२० जण आजारी म्हणून मागे न्यावे लागत होते. मलेरियावर मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण त्यांनी पुरुषत्व जातं अशी अफवा होती, म्हणून जवान त्या टाळायचे. स्लिमनी न सांगता अख्ख्या पलटणीची तपासणी सुरू केली. ९५ टक्क्यांहून कमी जवानांनी गोळी घेतलेली निघाली, तर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरलाच पदावरून काढायचं. तिघांना काढलं, बाकीचे समजले. आणि पुढच्या तुकड्या अर्ध्या रेशनवर आल्या की स्लिम आपल्या मुख्यालयाचंही रेशन अर्धं करत.

हे वाचून मला झोप लागेना. मी विणकरांवर ओरडत होतो आणि सह्यांचं रजिस्टर दाखवून मोकळा होत होतो.

आता शेडच्या दारातच मी आधी माझे बोळे घालतो. कुणाला काढायचा अधिकार मला नाही, तसं करायचंही नाही. पण आठवड्यातून एकदा, न सांगता, मोजणी होते आणि आकडा त्या पाळीच्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, आणि माझ्या नावावर मालकांपुढे जातो. मामांच्या मागाशी बोळे घालून अर्धी पाळी उभा राहिलो. धागा तुटला, मागाचा ताल बदलला. हळू, पण स्पष्ट ऐकू आलं. त्यांनाही आलं.

रात्रपाळीचं अजून जमलेलं नाही. मामा डाव्या कानात बोळा घालतात, उजवा मागासाठी उघडा ठेवतात. बाबांचा आधी उजवाच गेला होता, हे परवा त्यांच्याशेजारी बसून सांगितलं.