अठ्ठावीसवरून वीसवर

दुपारी इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या गच्चीवर दोन रेडिओ रिसीव्हर मांडून, सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींसाठी नुसती खरखर ऐकत बसणारी बाई, अशी गल्लीत माझी ख्याती आहे. सासूबाई जिन्यातूनच विचारतात, "काय म्हणतोय गं आज तुझा सूर्य?" बहुतेक दिवशी काहीच म्हणत नाही. शेजारच्या एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची कुरकुर तेवढी कानावर येते.

डागांचा मोठा पुंजका सूर्यावर आला की मात्र मी जागची हलत नाही. एक रिसीव्हर 28 मेगाहर्ट्झवर, दुसरा 20 वर. मध्येच 28 वरची खरखर शूऽऽ करत फुगते आणि दोन-तीन सेकंदांत तोच फुगारा 20 वर येतो. त्या दोन-तीन सेकंदांसाठीच तर हा सगळा खटाटोप.

सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे त्याच्या सगळ्यात बाहेरच्या विरळ वातावरणात, चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात, तेव्हा इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो. वेग प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत. वाटेतला प्लाझ्मा (सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेला तापलेला वायू) त्याने ढवळून निघतो, त्यात लाटा उठतात आणि त्यांतली थोडी ऊर्जा रेडिओलहरी होऊन निसटते. लहरींची वारंवारता ठरते त्या ठिकाणच्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीवरून. 28 मेगाहर्ट्झ म्हणजे घन सेंटीमीटरमागे साधारण एक कोटी इलेक्ट्रॉन, 20 म्हणजे त्याच्या निम्मे. (कधी दुप्पट वारंवारताही निघते, मग हिशेब बदलतो.) झोत वर चढतो, दाटी विरळ होते, आवाज खालच्या वारंवारतेला उतरतो. म्हणजे माझ्या कानादेखत तो झोत लाखभर किलोमीटर तरी वर गेलेला असतो!

सूर्याच्या अशा रेडिओस्फोटांचे प्रकार पाडलेत, त्यातला हा झाला तिसरा. दुसऱ्या प्रकारात झोताऐवजी आघात-तरंग (प्लाझ्मातून धडकत जाणारी दाबाची लाट) असतो, त्याचा आवाज कितीतरी सावकाश, मिनिटं-मिनिटं उतरत राहतो. तेवढा धीर माझ्यात नाही.

गंमत वाटते, पण 23 मे 1967 ला अशाच सौर स्फोटाने अमेरिकेची क्षेपणास्त्र-इशारा रडारं आंधळी झाली. संशय गेला सोव्हिएत संघावर, विमानं सज्ज ठेवली गेली. सूर्यावर नजर ठेवणाऱ्यांनी वेळेत खुलासा केला म्हणून निभावलं.

इंदुरात कुणाला ऐकायचंच असेल तर भर दुपारी बसा, रिसीव्हर बॅटरीवर चालवा आणि घरातला मेन स्विच पाडा. 10 मेगाहर्ट्झच्या खाली शोधू नका. तिथल्या लहरी आयनांबर, म्हणजे पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, बहुधा वरच्या वर परतवून लावतं. आणि फारच मोठी सौरज्वाला भडकली, तर क्ष-किरणांमुळे आयनांबराचा खालचा थर 20 वरचा आवाजही गिळून टाकतो. तेव्हा रिसीव्हर बिघडला म्हणून उघडत बसू नका.