रोक्युरोनियमवर ॲट्राक्युरियम

मोठ्या आतड्याची ती शस्त्रक्रिया बरीच लांबली होती. पाळी बदलताना मी सहकाऱ्याकडून केस ताब्यात घेतली, तेव्हा भुलीच्या नोंदपत्रकावर रोक्युरोनियम या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाच्या वारंवार दिलेल्या मात्रांखाली ॲट्राक्युरियम या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाची 10 मिलिग्रॅम अशी वेगळी नोंद दिसली. थिएटरमधले रोक्युरोनियम संपले होते आणि पोट आवळू लागल्याची सर्जनची तक्रार होती, एवढेच त्यामागचे कारण.

60 किलो वजनाच्या रुग्णाला एकट्या ॲट्राक्युरियमची ही मात्रा पूर्ण शिथिल करायलाही पुरली नसती. तरीही त्वचेचे टाके पूर्ण झाल्यावर शिथिलता किती उरली आहे ते पाहायला मनगटापाशी अल्नर नसेला चार विद्युत झटके दिले, तर अंगठा फक्त पहिल्या झटक्याला आणि तोही जेमतेम हलला. रोक्युरोनियम स्टेरॉइड गटातले, ॲट्राक्युरियम बेंझिलआयसोक्विनोलिनियम गटातले. या दोघांचा एकत्रित परिणाम साध्या बेरजेपेक्षा जास्त असतो. शिवाय स्नायूवरचे सुमारे 70 ते 75 टक्के रिसेप्टर (नसेचा संदेश झेलणाऱ्या जागा) अडवले जाईपर्यंत झटक्याने होणाऱ्या आकुंचनाची ताकद कमीच होत नाही. त्यामुळे पहिले औषध ओसरले असे वाटत असतानाही बरेच रिसेप्टर त्याच्याच ताब्यात असतात आणि नव्या औषधाची थोडी मात्राही भारी पडते.

‘‘सर, सुगॅमाडेक्स देऊया का?’’ निवासी डॉक्टरने विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु सुगॅमाडेक्स हे उतारा म्हणून दिले जाणारे औषध रोक्युरोनियमला कवेत घेते, ॲट्राक्युरियमला मुळीच हात लावत नाही, आणि या रुग्णात कोणाचा वाटा किती उरला आहे हे अंगठा सांगत नाही. मी थांबायचे ठरवले. तेवढ्यात रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला आणि सर्जनला श्वासनलिकेतली नळी काढायला हरकत दिसेना. श्वासपटल या औषधांना इतर स्नायूंपेक्षा कमी दाद देते, तर घसा उघडा ठेवणारे स्नायू उशिरा सावरतात; म्हणून श्वासाच्या या पुराव्यावर माझा भरवसा नसतो.

चौथ्या झटक्यालाही अंगठा हलू लागल्यावरच शिथिलता उतरवणारे निओस्टिग्मिन, आणि त्याने हृदयाची गती मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट, असे दिले. चौथ्या आणि पहिल्या आकुंचनाचे गुणोत्तर आधी 0.6 आणि बऱ्याच वेळाने 0.93 झाले, तेव्हा नळी काढली. रिकव्हरीतल्या सिस्टरना दोन्ही औषधांच्या वेळा लिहून दिल्या आणि बजावले, की पुन्हा नळी घालायची वेळ आलीच तर मला आधी बोलवा, कारण निओस्टिग्मिननंतर दिलेल्या स्कोलीनचा (नळी घालताना वापरायच्या झटपट स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा) परिणाम नेहमीपेक्षा बराच लांबतो.