वर्गणीचे वर्ष

फोंड्यातील एका छोट्या मराठी संस्थेच्या संकेतस्थळावर वर्गणीदारांना जुने अंक वाचता येतात, आणि कोणाची मुदत केव्हा संपते याचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. वरवर पाहता हे काम सोपे वाटते: पैसे भरल्याच्या तारखेत एक वर्ष मिळवायचे, एवढेच. परंतु वर्ष कशाला म्हणायचे याविषयी सभासदाचे आणि संगणकाचे एकमत असतेच असे नाही.

आमच्याकडे पुष्कळ जण चवथीसाठी, म्हणजे गणेशचतुर्थीसाठी, मूळ घरी जाण्यापूर्वी वर्गणी भरून मोकळे होतात आणि पुढची चवथ येईपर्यंत निर्धास्त असतात. 2022 साली चवथ 31 ऑगस्टला होती. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ती 19 सप्टेंबरवर गेली. साहजिकच आदल्या चवथीची खाती ऑगस्ट सरताच बंद झाली, आणि एका वयोवृद्ध सभासदांनी फोनवर विचारले, ‘‘अहो, चवथ अजून यायची आहे, मग माझे वर्ष संपले कसे?’’ पावती संस्थेच्या बाजूने होती, पंचांग त्यांच्या बाजूने. आणि मला पंचांगाचे म्हणणे अधिक पटले. मुदतीनंतरही महिनाभर खाते चालू ठेवावे, असा आग्रह मी समितीपुढे धरला. खजिनदारांनी नाक मुरडतच तो मान्य केला.

जो सभासद मुदतीपूर्वीच पैसे भरतो, त्याचे नवे वर्ष जुनी मुदत संपेल तेथूनच सुरू झाले पाहिजे. भरणा झाल्या दिवसापासून मोजले, तर तत्परतेबद्दल त्याला दंडच केल्यासारखे होते. मासिक वर्गणीची गंमत निराळी. 31 जानेवारीला आलेल्याचा महिना 28 फेब्रुवारीला संपवावा लागतो, पण म्हणून त्याला कायमचे 28 तारखेला बांधून टाकणे बरे नव्हे. मूळ तारीख लक्षात ठेवली, तर मार्चमध्ये तो पुन्हा 31वर येतो. मध्यरात्र कोणाची, हेही ठरवावे लागते, कारण सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर तेथील रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच.

कार्डातून पैसे आपोआप वळते होणार असतील, तर किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमचे बहुतेक सभासद अजून स्वतःच्या हाताने पैसे भरणारे असल्यामुळे त्यांना पंधरवडाभर आधी साधे पत्र जाते, आणि त्यात शेवटची तारीख पहिल्याच ओळीत असते.

राहता राहिले आजीव सभासद. आमच्या प्रणालीला तारखेचा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून त्यांच्या नावापुढे 31 डिसेंबर 9999 घातले आहे. ज्या संकेतस्थळावर ही तारीख नोंदलेली आहे, त्याच्या नावाचे शुल्क मात्र खजिनदार दर वर्षी भरतात.